जावई-सासऱ्यांच्या गाडीचे पाटे

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यभर एसटी चालवली. धुळ्याच्या डेपोतून पहाटे गाडी काढायची आणि पारोळा, एरंडोल करत जळगावला नेऊन सोडायची. हा रस्ता त्यांना इतका पाठ होता की घरी जेवताना एखादा ट्रक लांबून वाजला तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. रिटायर झाल्यावर ते चार दिवस ओट्यावर बसले आणि पाचव्या दिवशी आईला म्हणाले, "आता अशी गाडी घ्यायची, जिच्यात मागून घंटी मारणारा कुणी नाही."

एकट्याला गाडी परवडणार नव्हती. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. मी जळगावला नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा पाटबंधारे खात्यात इंजिनियर. त्यालाही गाडीची हौस होती आणि त्यालाही एकट्याला ती झेपणारी नव्हती. मग सासरे-जावयांनी मिळून एक जुनी गाडी घेतली. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, सायीच्या रंगाची. एक महिना गाडी धुळ्याला आबांकडे राहायची आणि एक महिना जळगावला आमच्याकडे. पारोळा साधारण मध्यावर पडतं, म्हणून अदलाबदल तिथे व्हायची. एकाने गाडी घेऊन यायचं, दुसऱ्याने एसटीने यायचं, स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी खायची, चहा घ्यायचा आणि किल्ली देऊन उलट दिशेला निघायचं. लोकांना याचं फार हसू यायचं. आमच्या शेजारीण बाई म्हणायच्या, "तुमची गाडी महिन्याभराने माहेरी जाते, तू मात्र सहा महिन्यांनी!"

या कारभारात एकच अडचण होती. आबा जावयाला कधी तोंडावर नाही म्हणत नसत. जावई म्हणजे मान. नवराही सासऱ्यांसमोर आवाज चढवणारा नव्हता. त्यात त्याचं गाव मुक्ताईनगरकडचं, आबांची अहिराणी त्याला निम्मीच कळायची. त्यामुळे दोघांचं काही बिनसलं की बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर, भज्यांच्या बशीसमोर. आबा म्हणायचे, "जावईबुवाले सांग, गाडी तिसऱ्या गेरमा जास्त पळाडू नका." नवरा बाजूलाच बसलेला असायचा. तो चहाच्या कपात बघत म्हणायचा, "आबांना सांग, पळवत नाही." मी दोन्ही निरोप पोचवायचे, आणि दोघं मान डोलवायचे, जणू आताच ऐकलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. हायवे म्हणायला हायवे होता, पण समोरून केळीचा ट्रक आला की एक चाक खाली मातीत उतरवावं लागे. त्या रस्त्याने दोन वर्षांत आमच्या गाडीची कंबर मोडली. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक चवड असते, वरची लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या, सगळ्या धनुष्यासारख्या वाकवलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. गाडीचा आणि आतल्या माणसांचा सगळा भार ते झेलतात. आमचे पाटे झेलून झेलून सपाट झाले होते. गाडी मागून बसकी दिसायची आणि पुढून नाक वर. संध्याकाळी दिवे लावले की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी निंबाच्या शेंड्यावर पडायचा. पुढचे शॉकअप गळत होते, त्यामुळे एक खड्डा गेला तरी गाडी पुढे बराच वेळ नंदीबैलासारखी मान हलवत राहायची.

एकदा मी आईसाठी डबाभर भरीत नेलं. जळगावची हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात. पारोळ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात असा आदळा बसला की डब्याचं झाकण उडालं आणि भरीत मागच्या काचेवर जाऊन बसलं. आई काच पुसत म्हणाली, "चव चांगली शे, पण पुढच्या खेपेले ताटमा आन."

तोवर सगळं हसण्यावारी होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गाडीने धुळ्याला गेलो आणि मला पाचवा लागल्याची, पत्रात न लिहिता राखून ठेवलेली बातमी मी आईला सांगितली. आई आनंदाने उठली, बसली, परत उठली. आबा मात्र लगेच उठले. ते बाहेर गेले आणि गाडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात ठेवून तिला खाली दाबू लागले. गाडी कुरकुरली. दाबलेली खालीच राहिली. आबा आत आले आणि मला म्हणाले, "जावईबुवाले सांग. पाटा नवाच टाकना पडी. मन्ही पोर बसनार शे गाडीमा."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. सातव्या महिन्यात मला जळगावहून धुळ्याला न्यायचं. जळगावच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, "प्रवासाला हरकत नाही, फक्त हिसके नकोत." म्हणजे संक्रांतीच्या आत गाडीचा निकाल लावायला हवा होता.

पुढच्या अदलाबदलीला आम्ही तिघं पारोळ्याच्या हॉटेलात बसलो. नवऱ्याने आधीच चौकशी करून ठेवली होती. नशिराबादला हायवेलगत एक लोहार पाट्यांचं काम करायचा. ट्रकवाले त्याच्याकडे रांग लावायचे. त्याने गाडी बघून सांगितलं होतं की पोलाद जुनं, कसदार आहे, भट्टीत घालून परत कमान दिली की गाडी उभी राहील. नवरा मला म्हणाला, "आबांना सांग, हल्ली बाजारात नवे पाटे मिळतात त्यांचा भरवसा नाही. जुनं लोखंड ते जुनं लोखंड."

आबांनीही चौकशी केली होती. धुळ्याला आग्रा रोडवरच्या त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने सांगितलं होतं की तापवलेला पाटा म्हणजे विस्तवावर गरम केलेली शिळी भाकरी. आबा मला म्हणाले, "जावईबुवाले सांग, डेपोमा आम्ही जुना ठोकेल पाटा कधी चालू दिधा नही."

"आबांना विचार," नवरा म्हणाला, "डेपोत पाटे कसे बसवायचे ते त्यांनी बघितलंय का?"

मी विचारलं. आबांनी हातातलं भजं खाली ठेवलं. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "मी काय देखनार? मी वर बठेल राहू. खालचं काम खालच्यांनं."

मला एकदम हसू फुटलं. इतकी वर्षं बस चालवलेला माणूस, आणि बसच्या खाली काय असतं हे त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं! नवरा पाणी पिता पिता ठसकला. आबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. पण निर्णय काही झाला नाही. किल्ली बदलली, आणि आबा ती बसकी गाडी घेऊन धुळ्याकडे गेले.

आबा हार मानणारे नव्हते. पुढच्या रविवारी मी धुळ्याला असताना त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी बोलावलं. तिथे त्यांच्या मित्राची काळीपिवळी जीप उभी होती. तिला त्याच आठवड्यात कोरे पाटे बसवले होते. आबा म्हणाले, "बस. देख नवं कसं ऱ्हास ते."

आई दारातून ओरडली, "अहो, पोटुशी पोर शे ती!" पण मला गंमत वाटत होती. मी मागच्या सीटवर उशी घेतली आणि बसले. आबा पुढे, मित्राशेजारी. गाडी हळूहळू पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन परत आली. जाताना आबा दर थोड्या वेळाने मागे वळून म्हणत होते, "कशी? लोण्यावानी का नही?" मी सीटचा गज धरून बसले होते. प्रत्येक खडा मला वेगळा कळत होता. जीप लोण्यासारखी नव्हती, खाटेवरून फेकल्यासारखी होती.

खाली उतरल्यावर मी सांगून टाकलं, "आबा, आपली गाडी बुडवते, ही उडवते."

मित्र हसायला लागला. म्हणाला, "बरोबर शे पोरीचं. नवा पाटा कडक ऱ्हास. वझं पडी, मंग नरम व्हई. आठ मानसं भरी तं मस्त चालस."

"आपल्या घरी आठ माणसं कुठून आणायची?" आई म्हणाली. "आणि तुम्ही सासरे-जवाई ठरवशात तोपर्यंत पोरगं शाळेत जाई."

आबांचा चेहरा पडला, पण थोडाच वेळ. रात्री जेवताना ते मला म्हणाले, "जावईबुवाले सांग, नशिराबादले मी बी येसू. देखसू तरी."

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघं नशिराबादला गेलो. थंडी चांगली पडली होती आणि भट्टीजवळ उभं राहायला बरं वाटत होतं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर, खाली कोळशाची भट्टी, एक मोठी ऐरण. लोहार मध्यम वयाचा, कमी बोलणारा. घण मारायला त्याची बायको. तिने पदर कमरेला खोचला होता आणि केस रुमालात बांधले होते. ती मला बघताच म्हणाली, "कितवा?"

"सातवा लागेल आता."

"मग उभी काय राहिलीस?" तिने एक टायर आडवा टाकला, त्यावर गोणपाट पसरलं आणि मला बसवलं. "आमच्या घणाला घाबरू नको. माझी तिन्ही पोरं याच आवाजात झोपली."

लोहाराने गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली, मागचे पाटे सोडवले आणि मधला बोल्ट काढला. चवड सुटली. एकेक पाटा त्याने वेगळा करून जमिनीवर मांडला, लांबीप्रमाणे, सगळ्यात मोठा आधी. आबा उभे होते. ते हळूहळू खाली बसले, उकिडवे, आणि बसूनच राहिले. त्यांनी एका पाट्यावरून बोट फिरवलं. दोन पाटे जिथे एकमेकांवर घासले होते तिथे लोखंड आरशासारखं चकचकीत झालं होतं.

"हाऊ काय करस?" त्यांनी सगळ्यात आखूड पाट्याकडे बोट दाखवून विचारलं.

"जास्त वजन आलं की तो कामाला लागतो," लोहार म्हणाला. "रिकाम्या गाडीत त्याला आराम."

"आन हाऊ?"

"हा सगळ्यात वरचा. याच्या दोन टोकांच्या कानांत गाडी टांगलेली असते. याला आराम नाही."

आबा प्रत्येक पाट्याचं काम विचारत गेले. मी त्यांना इतकं उत्सुक कधी पाहिलं नव्हतं. शाळेत पहिल्या बाकावरची पोरं फळ्याकडे बघतात तसे ते बघत होते. मग मला म्हणाले, "पोरी, आख्खी जिंदगी ह्या लोके मन्हा खाल वझं उचली राह्यनात. मी एकदाबी वाकीसन देखं नही." आणि आपल्याच बोलण्यावर ते मोठ्याने हसले. मग हात झाडून उठले आणि म्हणाले, "जावईबुवाले सांग. नवा नको. हायीच ठेवा."

मी नवऱ्याकडे वळले. पण नवरा तिथे नव्हता. तो पलीकडे उजेडात सगळ्यात लांब पाटा धरून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. मधल्या भोकापाशी केसाएवढी रेघ होती. त्याने नखाने चाचपून पाहिली. रेघ पुसली जात नव्हती. तो तडा होता.

"हिला या गाडीत बसवायचं होतं," तो पुटपुटला. मग मला म्हणाला, "आबांना सांग. जुनं काही नको. सगळे पाटे नवे टाकू. दोन्ही बाजूंचे."

"जावईबुवाले सांग," आबा लगेच म्हणाले, "एक तडकना म्हणीसन बठ्ठा फेकतस का? बाकीना चांगला शेत."

"आबांना सांग, धोका नको."

"जावईबुवाले सांग, जीपमा बसीसन तूच देखेल शे. नवा पाटा पोरीले उडाडस!"

मी टायरवर बसले होते, दोघं माझ्या दोन बाजूंना. महिनाभर नव्या पाट्यांसाठी हटून बसलेले आबा जुन्यांची वकिली करत होते, आणि जुन्या लोखंडाचे गुण गाणारा माझा नवरा नव्यासाठी भांडत होता. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. पण लोहाराच्या बायकोच्या लक्षात आलं. तिने घण खाली ठेवला, ऐरणीला टेकली आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बाई," ती मला म्हणाली, "यांची तर अदलाबदल झाली!"

मला हसूही येत होतं आणि चीडही. मी गुडघ्यावर हात टेकून उठले. "आता मी सांगते. बसणार मी आहे. तडा गेला तो पाटा नवा. दुसऱ्या बाजूचाही वरचा नवा, म्हणजे गाडी एका अंगाला कलायला नको. बाकीच्यांना कमान द्या. कानांतले रबरी बुश नवे आणि शॉकअप नवे, ते गळकं दुखणं ठोकून बरं होणार नाही." मी लोहाराकडे बघितलं. "चालेल ना असं?"

"चालेल की," तो म्हणाला. "जुने नरम, नवा ताठ. एकमेकांना सांभाळून घेतील."

"आणि तुम्ही दोघं," मी म्हणाले, "यापुढे माझ्याकडून एकही निरोप जाणार नाही. तोंडं आहेत तुम्हाला."

आबांनी टोपी काढली, परत घातली. जावयाकडे बघितलं. मग सरळ त्याला उद्देशून, शक्य तितक्या शुद्ध मराठीत म्हणाले, "जावईबुवा, तुमचं जरा चुकत होतं."

नवऱ्याने मोठा श्वास घेतला. "आबा, तुमचं महिनाभर चुकत होतं."

आबांनी क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकावर घसरला. दोघं हसत होते. त्या दिवशी दुपारी दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसून काम बघत होते. लालबुंद पाटा भट्टीतून निघायचा, लोहार तो जमिनीवर खडूने काढलेल्या कमानीवर धरायचा, बाई घण मारायची, आणि हे दोघं एकदम माना हलवायचे. लोहाराच्या बायकोने मला तिच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. त्या दिवसांत मला तिखटाचे डोहाळे होते. मी पूर्ण खाल्ली.

संक्रांतीच्या आधी गाडी तयार झाली. मागून उंच, नीट चौकोनी उभी. जानेवारीत आबा मला न्यायला आले, नवराही सोबत निघाला. गिरणेचा पूल ओलांडला, एरंडोल गेलं, आणि नंतरचं मला आठवत नाही, कारण मी झोपून गेले. पारोळ्याला जाग आली तेव्हा गाडी हॉटेलसमोर निंबाखाली उभी होती. बाहेर आबा आणि नवरा दबक्या आवाजात भांडत होते. समोरासमोर. मला उठवावं की झोपू द्यावं, यावर. मी काच खाली केली आणि म्हणाले, "भजी सांगा."

मार्चमध्ये धुळ्याला मला मुलगी झाली. आईने गल्लीभर पेढे वाटले. आबांनी बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं ते स्टिअरिंग धरल्यासारखं, दोन्ही हात एका उंचीवर. चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक झाल्यावर, महिन्याच्या शेवटी, सगळ्यांनी मिळून मला जळगावला पोचवायचं ठरलं. आई मागे माझ्याशेजारी, नवरा पुढे, गाडी आबांकडे. आबा बैलगाडीच्या मागेही शांतपणे चालले होते. सगळं इतकं मऊ चाललं होतं की आईने डबा मांडीवर उघडाच ठेवला.

फक्त मुलगी रडत होती. धुळं सोडलं तशी रडायला लागली. दूध दिलं, खांद्यावर घेतलं, आईने येत होत्या तितक्या ओव्या म्हटल्या. काही उपयोग नाही. मुकटी गावाच्या पुढे रस्ता उकरून ठेवला होता. आबांनी वेग कमी केला, तरी दोन-तीन खड्डे चुकले नाहीत. गाडी झोका घेतल्यासारखी खाली गेली आणि वर आली.

रडणं थांबलं.

आम्ही सगळे बघत राहिलो. मुलीने डोळे मोठे केले, तोंडाचा चंबू केला आणि पुढच्या खड्ड्याची वाट पाहिल्यासारखी गप्प राहिली. रस्ता परत गुळगुळीत झाला. मुलगी परत रडू लागली.

आबांनी आरशातून मागे बघितलं. काही न बोलता गाडी जरा डावीकडे घेतली, जिथे डांबर फुटलं होतं. गाडी हलली. मुलगी गप्प.

"आबा!" मी ओरडले. "एवढे पाटे करून घेतले ते कशासाठी?"

"पाटा चांगला शेत म्हणीसनच तं चालाडी राह्यनू," आबा म्हणाले.

आणि माझा नवरा, ज्याने हिसके नकोत म्हणून महिनाभर झोप घालवली होती, तो पुढच्या काचेतून रस्त्याकडे डोळे लावून सरळ सासऱ्यांना म्हणाला, "आबा, पुढे उजवीकडे अजून एक आहे. चांगला मोठा."